धीराने घेतलेला देवाचा शोध : आक्षेप आणि उत्तरे

धीर धरून देवाचा शोध घेणाऱ्याला आत्मिक समाधान लाभते, ही ख्रिस्ती श्रद्धेची जुनी धारणा आहे. स्तोत्रसंहितेतले ४० वे स्तोत्र परमेश्वराची वाट पाहिलेल्या माणसाचे आहे. लूकच्या शुभवर्तमानात म्हातारा शिमोन आणि वयोवृद्ध हन्ना यांचे सारे आयुष्य वाट पाहण्यात गेलेले दिसते. तरीही या धारणेवर आक्षेप घेतले जातात, आणि ते सगळेच बाहेरून येत नाहीत.

मंडळीतलाच एक आक्षेप असा : खरा विश्वास असेल तर देव तत्काळ भेटतो, आणि उशीर लागला तर विश्वासच कच्चा. एका संध्याकाळच्या सभेत सारे मिळते, असे सांगणारे प्रचारकही आहेत. पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहिले की हे म्हणणे टिकत नाही. त्यांनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. मात्र त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात स्पष्ट लिहिले. मनाची ती तहान भागायला सुमारे आठ वर्षे जावी लागली. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या, सत्यासाठी समाजाचा रोष पत्करलेल्या या बाईचा विश्वास कच्चा होता, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

मग दुसऱ्या टोकाचा आक्षेप येतो : धीर हे आळसाचे गोंडस नाव आहे. त्याचेही उत्तर याच आठ वर्षांत आहे. १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, आणि मार्च १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठीचे शारदा सदन उघडले. मन अजून शोधत होते, पण हात रिकामे नव्हते. याकोबाच्या पत्रात धीरासाठी शेतकऱ्याचा दाखला दिला आहे. तो पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहतो. आमच्या अक्कलकोट तालुक्यात हा दाखला समजावून सांगावा लागणार नाही. काळ्या रानात रब्बी ज्वारी करणारा माणूस पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या घालतो, तण काढतो, बांध नीट करतो. परतीचा पाऊस पाडणे त्याच्या हातात नसते. पण वापसा आला आणि रान तयार नसेल, तर पडलेल्या पावसाचाही उपयोग नाही. ख्रिस्ती माणसाची प्रार्थना, शास्त्रवाचन आणि सेवा यांचे स्थान नेमके हेच आहे. या साधनांनी देव विकत मिळत नाही. पण त्याची कृपा आली की ती स्वीकारायला मन तयार असते.

पोटासाठी धर्म बदलला, हा आरोप महाराष्ट्रात फार जुना आहे. दुष्काळात काही कुटुंबे मिशनच्या आधाराला गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. कवी नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यांनी तो वाचला, त्यावर विचार केला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यात पदरी पडला तो आप्तांचा बहिष्कार आणि पत्नीचा वियोग. पुढे १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरीही सोडली. पोटासाठी आलेला माणूस असा हिशेब करत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न न फळलेल्या प्रार्थनेचा. अक्कलकोट हे स्वामी समर्थांचे क्षेत्र. १८७८ मध्ये त्यांनी येथेच समाधी घेतली. नवस बोलणे आणि तो फेडणे या गावाच्या रोजच्या परिचयाचे आहे. चर्चमध्येही मागण्यांची यादी घेऊन येणारे असतातच. वर्षानुवर्षे मागून आजार हटला नाही, तर त्या शोधाला अर्थ काय? पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला आणि कृपा पुरेशी आहे एवढेच उत्तर मिळाले. हे उत्तर कठोर वाटते, पण प्रामाणिक आहे. ख्रिस्ती शोधाचे फळ म्हणजे देवाचा सहवास, आणि तो दुखण्यातही मिळू शकतो. शिवाय मेंढपाळाच्या दृष्टान्तात हरवलेल्या मेंढराला शोधत मेंढपाळच निघतो. म्हणून माणसाच्या धीरामागे देवाचा धीर आधीपासून उभा असतो.

हा मार्ग परका आहे, या म्हणण्यात तर फारसा दम नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची स्वतःची भावना होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईही नुसत्या नवऱ्याच्या मागोमाग गेल्या नाहीत. वियोगाच्या काळात काही दिवस त्या अक्कलकोटच्याच जिल्ह्यात, पंढरपुरात राहिल्या. पुढे नवऱ्याकडे राहायला आल्यावरही सोवळे-ओवळे त्यांनी एकदम सोडले नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी आपल्या मनाशी सोडवला आणि मगच, १९०० मध्ये, बाप्तिस्मा घेतला. पतीच्या निधनानंतर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांनी हाती घेतले. टिळकांनी ११ अध्याय लिहिले होते; लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली.