चिनी व्यायाम आणि आमचे अभिमानी

मेहरूण तलावाच्या काठी किंवा पांझरेच्या तीरी दहापाच जणांनी पहाटे जमून ताई-चीचा सराव आरंभावा, असे कोणी सुचविले की आमच्यातील स्वदेशाभिमानी सद्गृहस्थांच्या कपाळी आठी पडते. सूर्यनमस्कारांच्या देशात हे चिनी हातवारे कशाला, हा त्यांचा सवाल! आम्ही उलट विचारतो, महाराज, आपण स्वतः नमस्कार किती घालता? औंधचे राजे भवानराव रोज घालीत, म्हणून त्यांची थोरवी सांगण्याचा त्यांना अधिकार होता. अंथरुणात लोळत अभिमान मिरविणारास तो नाही. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईच्या एका उद्यानात मूठभर लोकांसह काढलेला हास्यक्लब पुढे परदेशांतही रुजला. त्याचे कूळ तिकडे आड आले नाही. ताई-चीचा २४ क्रियांचा सुटसुटीत क्रमही चीनमध्ये १९५६ साली बांधला गेला तो सामान्य जनांसाठीच.

नमस्कार उत्तमच, परंतु गुडघे धरलेल्या आजीबाईंना साष्टांग घालावयास सांगणे ही क्रूर थट्टा होय. उभ्याउभ्या, श्वासाच्या लयीत, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर संथपणे नेणे त्यांना साधेल. वृद्धांचे पडणे अशा सरावाने कमी होते, हे प्रयोगांती दिसून आले आहे.

मग विरोध कशास? 'बायकांनी उघड्यावर असे करणे शोभत नाही' हे खरे शल्य. चीनचे केवळ निमित्त! खानदेशात वैशाखी पारा ४५ अंशांस भिडतो. अंग हलवावयास पहाटेचाच काय तो प्रहर. तोही पुरुषांनीच भोगावा काय?