वेगाआधी वाचता आलं पाहिजे

पायथॉन शिकताय? मग स्क्रीनभर लाल ओळी आणि शेवटी ‘सी कंपायलर सापडला नाही’ असा निरोप तुम्हीही कधीतरी पाहिला असेल. मला तो दिसला कन्हेरीत, घरी, रात्री साडेअकराला. दुसऱ्या दिवशी असाइनमेंट द्यायची होती. काम एवढंच, की घरातल्या उसाच्या ३८ काटा पावत्यांची सरासरी आणि मध्यक काढायचा. व्हिडिओत सांगितलं म्हणून मी नमपाय टाकायला बसले. मोबाइलचा डेटा संपला, नमपाय काही आलं नाही. मी मास कॉमवाली, त्यामुळे ‘आपल्याला हे जमणारच नाही’ असं वाटून लॅपटॉप बंद केला.

चूक माझ्या डोक्यात नव्हती, निवडीत होती. पायथॉनच्या लायब्ररी ढोबळमानाने दोन प्रकारच्या. काही पूर्ण पायथॉनमध्येच लिहिलेल्या. काहींमधली मुख्य फंक्शन्स सीसारख्या भाषेत लिहून, कंपाइल करून पायथॉनला जोडलेली, ही एक्स्टेन्शन. नमपाय दुसऱ्या प्रकारातलं. एरवी ते तयार कंपाइल केलेलं मिळतं आणि मिनिटभरात बसतं. पण तुमच्या पायथॉनच्या आवृत्तीसाठी तशी फाइल नसेल, तर ते तुमच्याच मशीनवर कंपाइल व्हायला लागतं आणि तिथे नवखा अडकतो.

माझं काम पायथॉनसोबतच येणाऱ्या ‘स्टॅटिस्टिक्स’ मॉड्यूलने झालं असतं. २०१४ मध्ये, पायथॉन ३.४ पासून ते आहे. वेगळं काही टाकायला नको, नेटही नको. त्याची फाइल उघडून बघा. मध्यकाचं फंक्शन पायथॉनमध्येच आहे: आकडे चढत्या क्रमाने लावा, संख्या विषम असेल तर मधला घ्या, सम असेल तर मधल्या दोघांची सरासरी. संपलं! वर्गात ऐकलेलं तुम्हाला तिथे जसंच्या तसं दिसतं.

‘पण नोकरीत नमपायच विचारतात ना?’ विचारतात, आणि शिकायलाच हवं. १२ मेगापिक्सेलच्या एका रंगीत फोटोत ३ कोटी ६० लाख आकडे असतात. तिथे साधा पायथॉन लूप धापा टाकतो, नमपाय तेच काम सीमध्ये झटपट उरकतं. आणि ‘शुद्ध’ म्हणून मिरवायचंही कारण नाही. आपण रोज वापरतो त्या पायथॉनचा गाभासुद्धा सीमध्येच आहे. मुद्दा क्रमाचा आहे. ३८ पावत्यांना वेग लागत नाही, समज लागते.

म्हणून माझं मत साधं आहे. पहिल्या सेमिस्टरला उघडून वाचता येईल तीच लायब्ररी घ्या. प्रोग्रॅम खरंच रखडतोय असं घड्याळ सांगेल, तेव्हा एक्स्टेन्शनकडे जा. शिकवणाऱ्यांनीही पहिल्याच तासाला पाच लायब्ररी टाकायला लावू नयेत. त्या तासाला अडकलेला मुलगा पुढच्या तासाला येतोच असं नाही.

आमच्याकडे उसाचं वजन कारखान्याच्या काट्यावर होतं. पण शंका आली, की शेतकरी गाडी आधी बाहेरच्या काट्यावर घालून बघतो. तुम्हीही तेच करा. दहा आकड्यांचा मध्यक एकदा स्वतः काढा, मग नमपायला विचारा. उत्तर जुळलं, की पुढे खुशाल त्याच्यावर विसंबा.