गृहव्यवस्था : शिडाच्या होडीवरील अंथरूण

निद्रा ही अन्नाइतकीच देहाची गरज आहे. परंतु अन्नाविषयीं आपण जितका विचार करतों, तितका अंथरुणाविषयीं करीत नाहीं. वर्षांतून एकदां गाद्या उन्हांत टाकाव्या, कांहीं वर्षांनीं पिंजाऱ्यास बोलावून कापूस पिंजून घ्यावा, एवढ्यावर बहुतेक घरांत हा विषय आटोपतो. जमिनीवरच्या घरांत एवढ्यानें भागतें. कारण जमीन हलत नाहीं आणि छपराखालीं समुद्र येत नाहीं. शिडाच्या होडीवर या दोन्ही गोष्टी घडतात, व तेथें अंथरुणाची निवड हा सुखाचा प्रश्न न राहतां सुरक्षिततेचा प्रश्न होऊन बसतो.

हा विषय वाचकांस परका वाटूं नये. समुद्रपर्यटन केलेल्यानें प्रायश्चित्त घ्यावें कीं नाहीं, यावर आपल्या पणजोबांच्या पिढीनें कडाक्याचे वाद घातले. आज त्याच घराण्यांतील मुलगे व मुली शीड उभारावयास शिकत आहेत. नवी मुंबईची तर गोष्टच निराळी. पश्चिमेस ठाण्याची खाडी, दक्षिणेस पनवेलची खाडी, आणि समोर मुंबईचें विस्तीर्ण बंदर. १९७० सालीं सिडकोची स्थापना होऊन हें नगर उभें राहूं लागलें. पण दिवाळें, सारसोळें, वाशी येथील कोळी बांधव त्याच्या कितीतरी आधींपासून या पाण्यावर वावरत आले आहेत. मागाहून आलेल्या आपणां पांढरपेशांस आतां कोठें त्या पाण्याची ओळख होऊं लागली आहे.

बेलापूरच्या एका भगिनीनें आम्हांस नुकतेंच लिहिलें आहे, कीं चिरंजीव मित्रांसमवेत शिडाच्या होडीनें गोव्यास जाणार आहेत. सासूबाईंचा आग्रह, कीं नातवाबरोबर चांगली जाड कापसाची गादी द्यावी. मामंजींचें म्हणणें, कीं दर्यावर जाणाऱ्यास सतरंजी पुरे. आणि चिरंजीव म्हणतात, कांहींच नको, कोठेंही पडून राहूं. ‘तिघांपैकीं कोणाचें ऐकावें?’ असा त्या भगिनीचा प्रश्न आहे. प्रश्न साधा दिसला तरी त्याचें उत्तर थोड्या विस्तारानेंच द्यावें लागेल.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें, कीं मुंबईहून गोवा समुद्रमार्गें सुमारें सव्वादोनशें सागरी मैल आहे. शिडाची मध्यम होडी ताशीं पांच मैल चालली तरी पंचेचाळीस तास होतात. म्हणजे दोन रात्री पाण्यावर काढणें आलेंच. रात्रीं होडी थांबत नाहीं. एकजण सुकाणूवर, दुसरा विश्रांति घेत, अशा तीन-चार तासांच्या पाळ्या चालतात. मिळालेल्या तीन तासांत ज्यास झोंप लागली नाहीं, तो पहांटेच्या पाळीस पेंगत उभा राहतो. आणि तीच वेळ मासेमारीच्या जाळ्यांची व मोठ्या आगबोटींच्या दिव्यांची खूण नीट ओळखण्याची असते. घरीं रात्रभर जागरण झालें तर दुसऱ्या दिवशीं चहांत साखर विसरते. समुद्रावर त्याची किंमत याहून पुष्कळच अधिक पडते.

आपल्याकडील थोर दर्यावर्दींचीं उदाहरणें पहा. कमांडर दिलीप दोंदे यांनीं १९ ऑगस्ट २००९ रोजीं मुंबईहून निघून १९ मे २०१० रोजीं एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. असें करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ‘म्हादेई’ ही सुमारें सतरा मीटर लांबीची नौका गोव्यांत दिवाडी बेटावर बांधली गेली. तिच्यावरूनच अभिलाष टॉमी यांनीं १ नोव्हेंबर २०१२ पासून ३१ मार्च २०१३ पर्यंत, कोठेंही न थांबतां, एकाकी प्रदक्षिणा केली. पुढें ‘तारिणी’ या तशाच नौकेवरून वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालीं नौदलाच्या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजीं गोव्याहून निघाल्या व २१ मे २०१८ रोजीं परतल्या. एकट्या माणसास सलग झोंप मिळत नाहीं. तुकड्यातुकड्यांनीं डुलक्या घेऊनच महिने काढावे लागतात. अशा वेळीं अंग टाकावयाची जागा जर ओली, उतरती किंवा बोचरी असेल, तर त्या थोड्या डुलक्याही व्यर्थ जातात.

आतां जागेविषयीं. होडीचें पुढील निमुळतें टोक लाटेवर सर्वांत अधिक वरखालीं होतें. मध्यभागीं, खालच्या अंगास, हालचाल सर्वांत कमी असते. म्हणून चालत्या होडींत निजावयाचें तें मध्यावर किंवा त्याच्या थोडें मागें. पुढच्या टोकाचा ऐसपैस त्रिकोणी पलंग बंदरांत नांगर टाकल्यावरच उपयोगी. पाहुण्यास मानाची जागा म्हणून तो देणें हा आतिथ्याचा विपर्यास होय.

रुंदीविषयीं तर आपली घरगुती समजूत उलटीच करावी लागते. घरीं रुंद गादी सुखाची. होडीवर पंचावन्न-साठ सेंटिमीटरांची अरुंद जागाच सुखाची. आगगाडीच्या बर्थवर जें आपण सहन करतों, तेंच येथें मागून घ्यावें. कारण उघड आहे : होडी एका बाजूस कलली, कीं रुंद गादीवरचा मनुष्य रात्रभर लोळत राहतो, आणि न लोळण्यासाठीं त्याचे स्नायू झोंपेंतही ताणलेले असतात. अरुंद जागेंत दोन्ही बाजूंनीं टेका मिळतो. उघड्या बाजूस जाड कापडाचा पडदा गादीखालीं पक्का बसवून वर दोऱ्यांनीं ताणून बांधतात. पाळण्यांतील बाळास झोळीचा आधार असतो, तसाच तो आधार. हा पडदा नसेल तर उत्तमोत्तम गादीही कुचकामाची. निजतांना पाय होडीच्या पुढील दिशेस ठेवावे, म्हणजे एकाएकीं धक्का बसल्यास डोकें आपटत नाहीं. घरीं आपण दक्षिणेकडे पाय करीत नाहीं. पण होडीच स्वतः घटकेघटकेस दिशा बदलते, तेव्हां तेथें त्या नियमाचा भार समुद्रावरच सोपवावा हें बरें!

यानंतर गादींत काय भरावें, हा मुख्य प्रश्न. आपला कापूस गुणी आहे. पण तो पाणी धरून ठेवतो. समुद्रावरच्या दमट हवेनें कापसाची गादी जड होते, तिच्यांत गठ्ठे पडतात, व ती वाळवावयास जें दिवसभराचें ऊन व मोकळें अंगण लागतें, तें होडीवर नाहीं. पांढऱ्या सावरीचा कापूस याहून बरा : त्याचे तंतू पोकळ व मेणचट असल्यामुळें ते लवकर भिजत नाहींत, एके काळीं तरंगण्याच्या जाकिटांत तोच भरीत असत. परंतु तो दबून लवकर बसतो व चटकन् पेट घेतो, हे त्याचे दोष होत.

काथ्या हा मात्र कोंकणच्या माणसास घरचाच. नारळाचें सोडण खाऱ्या पाण्यांत कुजवूनच काथ्या काढतात. म्हणून त्यास खाऱ्या पाण्याची भीति नाहीं. रबराच्या चिकानें बांधलेल्या काथ्याच्या चादरी मिळतात. त्यांतून हवा खेळते व त्या दबत नाहींत. केवळ त्यावर निजणें कठीण वाटेल, पण तळाशीं तीन-चार सेंटिमीटर काथ्या व वर सहा-सात सेंटिमीटर चांगला फोम, ही जोडी आमच्या मतें या किनाऱ्यास उत्तम. फोम घेतांना त्याच्या जाडीपेक्षां घनता विचारावी. घनमीटरास तीस ते चाळीस किलो वजनाचा फोम कित्येक वर्षें टिकतो. हलका फोम दुकानांत मऊ लागतो, पण थोड्याच दिवसांत कमरेखालीं खोलगा पडून खालची फळी लागूं लागते. अंगाच्या उबेनें आकार घेणाऱ्या फोमची हल्लीं फार जाहिरात होते; आपल्या उष्ण हवेंत तो अंगास चिकटल्यासारखा वाटतो, व कूस पालटणें जड जातें. उघड्यावर, जेथें लाटेचें पाणी उडतें, तेथें पाणी न शोषणारा बंद छिद्रांचाच फोम हवा.

गादीपेक्षांही गादीखालच्या हवेची काळजी अधिक घ्यावी. सपाट फळीवर टाकलेल्या गादीच्या तळाशीं घामाची व हवेची वाफ अडकून बुरशी धरते. म्हणून फळीस भोंकें पाडावीं, किंवा पट्ट्यापट्ट्यांचें तळ करावें, आणि रोज सकाळीं गादी आडवी उभी करून ठेवावी. मिठाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. समुद्राच्या मिठांतील कांहीं क्षार हवेंतील ओलावा ओढून घेतात. त्यामुळें खाऱ्या पाण्यानें एकदां भिजलेलें कापड कडक उन्हांत वाळलें तरी संध्याकाळीं पुनः ओलसर होतें. गोड्या पाण्यानें खळबळून मीठ काढलें, तरच तें खरोखर वाळतें. यास्तव भिजलेल्या कपड्यांनिशीं बर्थवर बसावयाचें नाहीं, हा होडीवरचा सोवळ्याओवळ्याचा नियम समजावा. आणि येथें त्याचें कारण कोणासही पटण्याजोगें आहे.

खोळ सुती असावी, पण शिवण पॉलिस्टरच्या दोऱ्याची. सुती दोरा दमटपणानें कुजतो. चेन प्लॅस्टिकची घ्यावी, लोखंडी गंजून अडकते. चादरीच्या चारी कोपऱ्यांस नाड्या लावाव्या, म्हणजे ती सरकत नाहीं. होडीच्या भिंती वाकड्या असतात, म्हणून माप टेपानें घेण्यापेक्षां जुनीं वर्तमानपत्रें चिकटवून बर्थच्या आकाराचा कागद कापावा व तोच गादीवाल्यास द्यावा. दरवाजा अरुंद असेल तर गादीचे दोन तुकडे करावे. नाहींतर नवी गादी धक्क्यावरच राहावयाची.

पांघरुणाच्या बाबतींत आजीबाईंचा कपाट उघडण्याचा अधिकार आम्ही मान्य करतों. जुन्या मऊ लुगड्यांची गोधडी होडीवर फार कामाची : पातळ, धुण्यास सोपी, लवकर वाळणारी. पौष-माघांत रात्रीं दंव पडतें, तेव्हां एखादी हलकी लोकरीची शालही असावी. लोकर थोडी दमट झाली तरी ऊब देते. खाडींत चिखलाजवळ नांगर टाकावयाचा असेल, तर खिडक्यांस बारीक जाळी हवीच; डांसांपुढें कोणत्याही गादीचें कांहीं चालत नाहीं. वडीलधारीं मंडळी रात्र काढणार असतील, तर त्यांस जिन्याजवळची खालची जागा द्यावी, आणि रात्रीं उठतांना हातास लागेल असा दांडा आहे ना, तें दिवसाउजेडीं पाहून ठेवावें.

आतां ‘कोठेंही पडून राहूं’ म्हणणाऱ्या चिरंजीवांसाठीं एक गोष्ट सांगतों. २०१८ च्या सप्टेंबरांत अभिलाष टॉमी हे जगप्रदक्षिणेच्या शर्यतींत ‘थुरिया’ नौकेवर होते. हिंदी महासागराच्या दक्षिण भागांत वादळानें नौका उलटविली, डोलकाठी मोडली, व त्यांच्या पाठीच्या कण्यास जबर दुखापत झाली. उठतां येत नाहीं, असा निरोप त्यांनीं कसाबसा पाठविला. पुढचे दिवस त्यांस बर्थवर निजूनच काढावे लागले. २४ सप्टेंबर रोजीं ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजानें त्यांस उचललें. तेवढा काळ ती अरुंद जागा हेंच त्यांचें घर व तेंच रुग्णालय होतें. गादीनें प्राण वाचतात असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या जागेवर मनुष्यास कदाचित् असहाय होऊन पडावें लागेल, ती जागा निघण्यापूर्वीं विचारानें सजवावी, यांत अतिशयोक्ति नाहीं. त्याच टॉमींनीं बरे होऊन पुढील शर्यतींत पुनः भाग घेतला, व २०२३ च्या एप्रिलांत दुसऱ्या क्रमांकानें ती पुरी केली, हेंही चिरंजीवांनीं ध्यानांत ठेवावें.

तेव्हां निवाडा असा : जाड कापसाची गादी घरींच राहूं द्यावी, नुसती सतरंजीही नको. काथ्या-फोमची मोजकी गादी, बाजूचा कापडी पडदा, दोन सुती चादरी, एक उशी आणि आजीची गोधडी एवढें द्यावें. निघण्यापूर्वीं चिरंजीवांनीं त्या गादीवर घरींच एक अख्खी रात्र काढून पहावी; दुकानांतील पांच मिनिटांच्या बसण्यावरून कांहीं कळत नाहीं.

आणि ज्यांच्या घरचें कोणीही होडींत बसणार नाहीं, त्यांचेंही या चर्चेनें नुकसान झालें नाहीं. आषाढ-श्रावणांत वाशी-नेरूळच्या सदनिकांतून फरशीवर अंथरलेल्या गाद्यांच्या तळाशीं जे काळे ठिपके उमटतात, त्यांचें कारण तेंच आहे. सकाळीं गादी गुंडाळण्यापूर्वीं अर्धा तास उभी ठेवावी, व रात्रीं तिच्याखालीं एक चटई घालावी. एवढी शिस्त घरांतल्या मुलांस लागली, तर पुढें एखाद्यास शीड उभारावयाची संधि आली असतां, अंथरुणाचा धडा त्यानें घरींच घेतलेला असेल.