कुलूप एक, किल्ल्या अनेक

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यांपैकी उपस्थाता म्हणजे परिचारक. व्यवहारात आपण त्याला हरकाम्या समजतो. आचार्यांनी मात्र उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच या चार गुणांची त्याच्याकडून अपेक्षा केली. एका अगदी अर्वाचीन प्रश्नाच्या निमित्ताने त्याचे स्मरण करणे आज आवश्यक झाले आहे.

रुग्णपत्रिका, औषधसाठ्याच्या नोंदी, उधारीची खाती, निर्मात्यांचे शेड्यूल टी नुसार ठेवायचे बॅच रेकॉर्ड हे सारे आता क्लाऊडवर जाऊ लागले आहे. वीज गेली वा संगणक बिघडला तरी कागद हरवत नाही, हा आपल्यासारख्या जिल्ह्यात मोठाच लाभ होय. परंतु क्लाऊडची कंपनी राखते ती आपली यंत्रे. किल्ली कोणाच्या हाती द्यावी, हा निर्णय आपलाच असतो.

आमचीच चूक सांगतो. आमच्या चिकित्सालयात सर्वांसाठी एकच पासवर्ड होता आणि तो संगणकाशेजारी चिठ्ठीवर लिहिलेला असे. एक कंपाउंडर काम सोडून गेला, तरी त्याच्या मोबाईलवर आमचे खाते कित्येक महिने उघडेच होते. पुढे वंध्यत्वाच्या रुग्णांची यादी ‘लिंक असेल त्याला दिसेल’ अशा रीतीने एका व्हॉट्सॲप गटात गेली. ती पाठविणाऱ्या मुलीवर आम्ही प्रथम रागावलो. मग ध्यानात आले की, लिंक कशी मर्यादित करावी हे आम्ही तिला कधी शिकविलेच नव्हते. दोष तिचा थोडा, आमचा अधिक.

‘मग कर्मचाऱ्यांच्या हाती काही देऊच नये,’ असे काही वैद्यमित्र म्हणतात. हे अव्यवहार्य आहे. रुग्णांची रांग लागली की नोंदी परिचारकच करतो, दुकानात बिल नोकरच करतो. हाताळणी त्यांची असताना दक्षता आपली एकट्याची कशी राहील? नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर सायबर हल्ला झाला, तेव्हा अनेक दिवस नोंदणीची कामे हाताने करावी लागली. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर आपली काय कथा!

मात्र जबाबदारीची वाटणी म्हणजे दोषाची ढकलाढकल नव्हे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहितीच्या सुरक्षेचे दायित्व ती गोळा करणाऱ्यावर ठेवले आहे. पुरेशी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, मुख्य बंधने लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. तयारीसाठी एवढाच अवधी आहे.

आमच्या मते पुढील गोष्टी तातडीने कराव्यात. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र खाते द्यावे आणि त्याच्या कामापुरतेच कागद त्याला दिसावेत. पासवर्डखेरीज मोबाईलवरील सांकेतिक क्रमांकाची दुहेरी पडताळणी असावी. काम सोडणाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे. दर तिमाहीस सर्वांनी एकत्र बसून कोणती कागदपत्रे कोणाला दिसतात हे पाहावे; ते काम आळीपाळीने एकेका कर्मचाऱ्याकडे सोपवावे. एक प्रत क्लाऊडबाहेरही ठेवावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चूक झाली तर ती तत्काळ सांगणाऱ्याला रागावू नये. भीतीने लपविलेली चूक लपविलेल्या व्रणासारखी आतून पसरते.

रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत, असा दंडक चरकाने शिष्यास घालून दिला. तो आपण विद्यार्थिदशेत शिकलो. आता तोच आपल्या कंपाउंडरला, नोंदी करणाऱ्या मुलीला आणि दुकानातील नोकराला शिकविणे, हे आपले कर्तव्य आहे.