हरभऱ्याचे झाड आणि पाठीवरची थाप



जत्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानात एखादा नवा पोरगा चमकला की त्याच्याविषयी दोन प्रकारची माणसे बोलू लागतात. पहिले म्हणजे मैदानाभोवतीचे बघे. ते एका कुस्तीला पोराला खांद्यावर घेतात आणि पुढच्या कुस्तीला विसरून जातात. दुसरे म्हणजे त्याच्याशी प्रत्यक्ष लढलेले पैलवान. त्यांचा शब्द वजनदार समजावा, कारण उद्या त्या पोराखाली चीत होण्याची पाळी त्यांच्यावरच येणार असते. आज अशाच एका पोराची आणि त्याच्याविषयी बोललेल्या गड्यांची हकिगत तुम्हाला सांगायची आहे. खेळ मात्र टेनिसचा आहे आणि मुलूख स्पेनचा.

स्पेनच्या आग्नेयेला मुर्सिया नावाचा प्रांत आहे. पाऊस तिथे बेताचाच पडतो. तरी सेगुरा नदीच्या पाटपाण्यावर तिथल्या शेतकऱ्यांनी लिंबाच्या बागा आणि भाजीपाला असा पिकवला आहे की त्या भागाला युरोपची बाग म्हणतात. पाण्याचे तंटे मिटवायला शेतकऱ्यांतूनच निवडलेल्या पंचांची जुनी सभा आहे. २००९ साली युनेस्कोने या पंचसभेची नोंद जगाच्या वारशात केली. पाण्याचा निवाडा पाणी देणाऱ्या माणसानेच करावा, अशी ती रीत आहे. ही रीत ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

याच मुर्सियातल्या एल पालमार या गावी ५ मे २००३ रोजी कार्लोस अल्काराझचा जन्म झाला. बाप टेनिसचा चांगला खेळाडू. पण देशोदेशी फिरून खेळायला गाठीला पैसा लागतो, तो नव्हता. तेव्हा तो गावच्या क्लबात मुलांना खेळ शिकवू लागला. पोराच्या हाती लहानपणीच रॅकेट आली. पुढे पोराच्याही परदेशी स्पर्धांचा खर्च घराला झेपेना, तेव्हा गोड पदार्थ बनवणाऱ्या तिथल्याच एका कारखानदाराने हात दिला. २०१८ पासून हुआन कार्लोस फेरेरोसारखा वस्ताद लाभला. हा फेरेरो स्वतः २००३ साली पॅरिसची फ्रेंच स्पर्धा जिंकलेला आणि एकेकाळी जगात पहिल्या नंबरावर असलेला खेळाडू.

आता गड्यांचे शब्द ऐका. ५ मे २०२१ रोजी, नेमक्या अठराव्या वाढदिवशी, माद्रिदला पोराची गाठ पडली ती राफेल नदालशी. नदालने त्याला ६-१, ६-२ असे सहज लोळवले. पण त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकन स्पर्धेत त्याने जगातल्या तिसऱ्या नंबरच्या त्सित्सिपासला पाच सेटच्या लढतीत हरवले. हरलेला त्सित्सिपास म्हणाला की, इतक्या जोराने चेंडू मारणारा मी पाहिला नाही आणि हा मोठ्या स्पर्धांचा दावेदार होईल. हरल्यावर बोलणारे बहुतेक जण वाऱ्याला नाही तर पंचाला दोष देतात, हे तुम्ही जाणताच.

मार्च २०२२ मध्ये नदालने त्याला पुन्हा हरवले आणि वर सांगितले की, या पोराला लागतात ते सगळे गुण आहेत. दोनच महिन्यांनी, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, त्याच माद्रिदमध्ये पोराने नदालला हरवले, त्याच्या दुसऱ्या दिवशी जोकोविचला हरवले आणि अंतिम सामन्यात जर्मनीच्या झ्वेरेवला ६-३, ६-१ असे उडवले. बक्षीस समारंभात झ्वेरेवनेच सांगून टाकले की आजघडीला जगात सर्वांत चांगला खेळाडू हाच आहे.

खरी गोष्ट पुढेच आहे. ३१ मे २०२२ रोजी पॅरिसच्या लाल मातीवर या दोघांची पुन्हा गाठ पडली. या वेळी झ्वेरेव चार सेटमध्ये जिंकला. जिंकल्यावर जाळीपाशी हात मिळवताना त्याने पोराला सांगितले की, तू ही स्पर्धा एकदाच काय, पुष्कळ वेळा जिंकशील. मग लोकांपुढे हसत म्हणाला की, हा आम्हा सगळ्यांना हरवायला लागण्याआधी मला एकदा तरी जिंकता यावी एवढीच आशा आहे.

तीनच दिवसांनी उपांत्य सामन्यात झ्वेरेवचा पाय असा मुरगळला की खुर्चीत बसवून त्याला मैदानाबाहेर न्यावे लागले. बरे व्हायला कित्येक महिने गेले. त्याने पुन्हा कंबर कसली आणि २०२४ साली त्याच पॅरिसमध्ये अंतिम फेरी गाठली. समोर कोण, तर अल्काराझ! तीन सेट जिंकणारा विजयी, आणि झ्वेरेव दोन विरुद्ध एक असा पुढे होता. चौथा सेट गेला, पाचवा गेला, आणि चषक पोराच्या हाती गेला. दोन वर्षांपूर्वी बोललेला शब्द असा बोलणाऱ्याच्याच पदरात येऊन पडला. पुढच्या वर्षी, २०२५ साली, अल्काराझने ती स्पर्धा पुन्हा जिंकली. त्या अंतिम सामन्यात सिन्नरला विजयासाठी एकच गुण हवा होता, अशी वेळ तीनदा आली होती. तिथून पोराने साडेपाच तासांच्या झुंजीत सामना फिरवला.

मधल्या काळात बाकीचे बोलही खरे झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकन स्पर्धा जिंकून तो एकोणिसाव्या वर्षी जगात पहिल्या नंबरावर गेला. पुरुषांत इतक्या लहान वयात तिथवर कोणी पोचले नव्हते. २०२३ साली विंबल्डनला त्याने जोकोविचला पाच सेटमध्ये हरवले. तेव्हा जोकोविच म्हणाला की, फेडरर, नदाल आणि मी, आम्हा तिघांतले उत्तम ते या एकट्यात आले आहे.

पण मंडळी, सगळीच भाकिते अशी फळत नाहीत. बल्गेरियाचा ग्रिगोर दिमित्रोव हे दुसरे उदाहरण. खेळण्याची ढब फेडररसारखी, म्हणून लोकांनी त्याला कोवळ्या वयातच ‘छोटा फेडरर’ करून टाकले. गडी खरोखर गुणी. २०१७ साली तो जगात तिसऱ्या नंबरावर पोचला आणि वर्षअखेरीची मानाची स्पर्धाही जिंकला. आपल्या नावाने तो जगता तर याला कोणी थोडे म्हटले नसते. दुसऱ्याच्या मापाने मोजल्यामुळे मात्र एवढी कमाई लोकांना उणी वाटली. अल्काराझलाही लोक ‘नवा नदाल’ म्हणू लागले होते. त्याने वेळोवेळी सांगितले की, मला अल्काराझच व्हायचे आहे.

भाकीत फळले म्हणजे हार संपली असेही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात सदतीस वर्षांच्या जोकोविचने त्याला हरवले, तेव्हा हा जगज्जेता पोर सगळ्यांदेखत रडला. त्याच महिन्यात अमेरिकन स्पर्धेत तो दुसऱ्याच फेरीत गारद झाला.

आता आपल्या घराकडे येऊ. तुमच्याही गावात एखादी पोर पळण्यात सगळ्यांच्या पुढे असेल, एखादा पोर कबड्डीत कोणाला सापडत नसेल. शाळेच्या मैदानावर एक ढाल मिळाली की घरी येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, ‘पोर देशाचे नाव काढणार!’ पाहुणा चहा पिऊन जातो, आणि घरात विचार सुरू होतो की जमीन गहाण टाकावी का, पोराची शाळा सोडवावी का. हरभऱ्याचे झाड केवढे असते ते तुम्हा शेतकऱ्यांना सांगायला नको. तरी त्यावर चढलेली माणसे पडतात आणि त्यांच्याबरोबर घरे पडतात.

म्हणून मुर्सियाच्या पंचसभेची रीत धरा. पाहुण्याला विचारू नका. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या मैदानावर जे तुमच्या पोराशी खेळले, विशेषतः जे हरले, त्यांना आणि त्यांच्या वस्तादांना विचारा. त्यांनी मान डोलावली तर हात आखडू नका. बापाला जे साधले नाही ते पोराला साधावे म्हणून कोणीतरी पुढे यावे लागते. घर अपुरे पडत असेल तर गावाने यावे, आणि मुलगी असली तर दोन पावले अधिक यावे. शाळा मात्र चालू राहू द्या, कारण खेळाडूचा पाय एका क्षणात मुरगळतो.

पोराची पाठ थोपटताना त्याने काय केले ते सांगा. ‘तू अमक्यासारखा होणार’ यापेक्षा ‘आज हरता हरता तू धीर सोडला नाहीस’ हे वाक्य त्याला जास्त दिवस पुरते. जिंकल्यावरही त्याने समोरच्याचा गुण उघड बोलून दाखवावा, हेही शिकवा. झ्वेरेवला चषक मिळाला नाही त्या दिवशीही त्याने दोन वर्षांपूर्वी बोललेला शब्द खोटा ठरला नव्हता. शेजाऱ्याचे पीक आपल्यापेक्षा चांगले आले असता बांधावर उभे राहून तसे म्हणणारा शेतकरी आणि तो, दोघे एकाच जातकुळीचे.

तुमच्या गावात असा एखादा गुणी पोर किंवा पोर असेल तर त्याच्याशी खेळलेल्यांना या आठवड्यात जरूर विचारून पाहा. बरे आहे, राम राम!