‘ऑन द लाइट’ला चूक ठरवण्याआधी

सिंगापूरच्या रोजच्या बोलण्यात दिवा लावायला सांगताना ‘ऑन द लाइट’ म्हणतात आणि पंखा बंद करायला ‘ऑफ द फॅन’. इंग्रजीच्या पुस्तकाला इथे ‘टर्न ऑन’, ‘टर्न ऑफ’ हवे असते, म्हणून या बोलीवर अशुद्धपणाचा शिक्का बसतो. माझ्या मते ही चूक नाही, हा नियम आहे. ‘टर्न ऑन’ हे मुळात ओझ्याने वाकलेले क्रियापद आहे. त्याने नळ सोडता येतो, दिवा लावता येतो, एखाद्यावर उलटता येते, आणि खटल्याचा निकाल कशावर अवलंबून आहे हेही सांगता येते. दिव्याच्या बाबतीत त्यातला ‘टर्न’ आता काहीच करत नाही. बटण दाबायचे असते, फिरवायचे नसते. अर्थ सगळा ‘ऑन’मध्ये आहे आणि सिंगापूरकरांनी नेमका तेवढाच ठेवला. मँडरिनमधले ‘काय’ आणि मलायमधले ‘बुका’ ही एकेरी क्रियापदे दार उघडायलाही चालतात आणि दिवा लावायलाही, त्यामुळे इथल्या जिभेला जोडक्रियापदाची गरज भासली नसावी. खुद्द प्रमाण इंग्रजीतही किंमत वाढवण्याला ‘अप’ आणि पेला रिकामा करण्याला ‘डाउन’ ही क्रियापदे चालतात. मग ‘ऑन’नेच काय पाप केले?

या बोलीबद्दलची सरकारची काळजी खोटी नव्हती. 1999 मध्ये देशाचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांनी सिंग्लिशला, म्हणजे या सिंगापुरी इंग्रजीला, अडचण म्हटले आणि 2000 मध्ये पंतप्रधान गोह चोक तोंग यांनी ‘स्पीक गुड इंग्लिश’ चळवळ सुरू केली. व्यापारावर जगणाऱ्या देशाचे बोलणे लंडन-न्यूयॉर्कला कळलेच पाहिजे, परीक्षेच्या उत्तरात ‘टर्न ऑन’च हवे, हे मलाही मान्य आहे. पण त्यासाठी घरातली बोली पुसावी लागत नाही. वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणारे मूल प्रमाण मराठीत निबंध लिहिते. बोली त्याच्या आड येत नाही. आड येते ती दोहोंतला फरक न शिकवणारी शाळा. 2020 च्या जनगणनेत 48.3 टक्के रहिवाशांनी घरात सर्वाधिक बोलली जाणारी भाषा म्हणून इंग्रजीची नोंद केली. इतक्या घरांत नांदणारी इंग्रजी तिथल्या मातीची होणारच.

सिंगापुरातल्या मराठी पालकांना एवढेच सांगणे आहे: मूल ‘ऑन द लाइट’ म्हणाले तर त्याला गप्प करू नका. हे घरी चालते, पेपरात ‘टर्न ऑन’ लिहायचे, असे सांगा. आणि जमल्यास ‘दिवा लाव’ही त्याच्या कानावर पडू द्या.