काळ्या माशाने घेतलेलं संकट

परवा एका मित्राचा फोन आला. "अरे, आज फिश टँक घेतोय. तुझ्याकडे आहे ना? कुठले मासे घेऊ ते पटकन सांग, संध्याकाळपर्यंत लावून टाकू." मी म्हटलं, टाकी आज घे, मासे पुढच्या महिन्यात घे. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, "म्हणजे महिनाभर नुसतं पाणी बघत बसू?"

हो. महिनाभर नुसतं पाणी बघत बसायचं. या वीकेंडचं पुराण त्यावरच आहे. आणि हे मी काही जन्मजात शहाणा म्हणून सांगत नाहीये. अकरा मासे मारून सांगतोय.

तर झालं असं. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत एका शनिवारी माशांच्या दुकानात शिरलो. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच अशी काचेची टाकी, झाकण, दिवा, फिल्टर आणि खडे, सगळं मिळून साडेचार हजार. पाणी साधारण ५६ लिटर. आता रिकामी टाकी काय घरी न्यायची? दुकानदार काका म्हणाले, "सर, पाणी भरा, दोन थेंब औषध टाका, तासाभराने मासे सोडा. काही होत नाही." म्हटलं चला. सहा निऑन टेट्रा, चार गप्पी, दोन एंजल, आणि काच चाटत बसणारा एक 'क्लीनर'. तेरा झाले. अशुभ आकडा. काकांनी एक काळी मॉली वर टाकली, "एक काळा असू द्या सर. घरावर येणारं तो स्वतःवर घेतो." फुकट विमा! कोण नाही म्हणणार?

पहिले दोन दिवस काय वर्णावे. टीव्ही बंद, मोबाईल बाजूला, मी आपला स्टूल टाकून समोर बसलेला. पाणी तर इतकं स्वच्छ की पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता यावं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. दुकानात फोन केला. "ऑक्सिजन कमी पडतोय, हवेचा पंप लावा, पाणी बदला, निळं औषध घाला." सगळं केलं. पंप आणला. सगळंच्या सगळं पाणी बदललं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला. निळं औषध घातलं. चौथ्या दिवशी दोन निऑन गेले. मग रोज सकाळी उठून आधी टाकीकडे जायचं आणि जाळीने एक-दोन काढायचे. नवव्या दिवशी काळी मॉली गेली. उरले दोन गप्पी आणि क्लीनर.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात आमच्या टीममधून दोघांना नारळ मिळाला. मी राहिलो. रात्री आईचा साताऱ्याहून फोन आला, तिला दोन्ही बातम्या सांगितल्या. ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, "बघ, तुझ्यावरचं त्याने घेतलं. हात जोड त्याला."

खरं सांगतो, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. अकरा जीव गेल्याचं जे काही टोचत होतं, ते एका वाक्यात विरघळलं. मासे मेले ते माझ्यामुळे नव्हे, माझ्यासाठी!

मग सवयीप्रमाणे खोदायला बसलो. सर्व्हर पडला तर आपण 'ग्रह वाईट होते' असं लिहून तिकीट बंद करत नाही, लॉग बघतो. इथेही बघितले. संकट वगैरे काही नव्हतं. अमोनिया होता.

प्रकार असा आहे. मासा श्वासाबरोबर कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. उरलेलं खाणं कुजतं, त्याचाही अमोनियाच होतो. नदीत तो वाहून जातो, ५६ लिटरच्या पेटीत कुठे जाणार? हा अमोनिया माशासाठी विष आहे. त्याला रंग नाही, आणि माशाला मारायला पुरेल इतका असला तरी आपल्या नाकाला कळत नाही. म्हणजे ज्या काचेसारख्या पाण्याचं मी कौतुक करत होतो, त्यातच माझे मासे भाजून निघत होते.

जुन्या, मुरलेल्या टाकीत हे होत नाही, कारण तिथे जिवाणूंची वस्ती झालेली असते. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बरंच सौम्य, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की भागतं. मधलं नायट्राइट मात्र वाईट. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं. मग पाण्यात ऑक्सिजन भरपूर असला तरी मासा गुदमरतो. अशा वेळी पंप कितीही बुडबुडे काढो, मासा वर येऊन तोंड उघडझाप करणारच.

जुनी पुस्तकं दुसऱ्या पायरीचं श्रेय नायट्रोबॅक्टर नावाच्या जिवाणूला देतात. १९९८ च्या एका शोधनिबंधाने दाखवून दिलं की गोड्या पाण्याच्या टाकीत हे काम नायट्रोस्पिरा नावाचे जिवाणू करतात. २०१५ मध्ये आणखी गंमत कळली, की यातल्या काही जाती दोन्ही पायऱ्या एकट्याच उरकतात. त्यातल्या काही तर मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच सापडल्या. मला हे वाचून भारी वाटलं. इतकी वर्षं लोकांच्या फिल्टरमध्ये बसून कोणी मुकाट काम करत होतं आणि नाव मात्र भलत्याचंच लागत होतं. (ओळखीचं वाटतंय? असो.)

मुद्दा असा, की हे जिवाणू फार सावकाश वाढतात. नव्या टाकीत त्यांची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्तच. आणि त्यांचा मुक्काम पाण्यात कमी, स्पंजवर आणि खड्यांवर जास्त. म्हणजे मी नळाच्या क्लोरिनच्या पाण्यात तो स्पंज पिळला, तेव्हा जे चार जिवाणू जेमतेम बसायला आले होते, त्यांनाही हाकलून दिलं. वर निळं औषध, तेही जिवाणूंना सोडत नाही. माशांना वाचवायला म्हणून मी जे जे केलं, त्यातल्या बहुतेकाने त्यांना मारायलाच हातभार लावला.

आता माझं मत. ज्याला महिनाभर रिकामी टाकी घरात ठेवणं जमत नाही, त्याने मासे पाळू नयेत. त्याने छान निवडुंग आणावा.

यावर दोन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, "अरे, लोक वर्षानुवर्षं असेच ठेवतात, जगतात की." जगतात, पण कोण? गप्पीसारखे चिवट. बाकीचे मरतात आणि पुढच्या शनिवारी त्यांच्या जागी दुसरे येतात. टाकी भरलेली दिसते, म्हणून मासे जगतात असं वाटतं. दुसरं उत्तर, "तीस रुपयांचा तर मासा." यावर मी काय बोलणार, मी बांगडा आवडीने खातो. पण ताटातल्या बांगड्याला मी शोभा म्हणून तीन दिवस दिवाणखान्यात गुदमरत ठेवलेलं नसतं. आपण याला 'पाळणं' म्हणतो ना? मग त्या शब्दाला तरी जागावं.

आणि म्हणूनच मला ते काळ्या माशाचं प्रकरण खुपतं. श्रद्धेवर भांडायचा माझा अजिबात विचार नाही. पण 'त्याने संकट घेतलं' म्हटलं की कारण शोधायची गरजच संपते. नवा काळा मासा येतो, तोही मरतो, तोही संकट घेऊन जातो. एका घरात मी सलग चार काळे मासे 'संकट घेताना' पाहिलेत. त्या घरावर इतकी संकटं नव्हती हो, स्पंज दर रविवारी नळाखाली धुतला जात होता!

तीच गत 'सोडून देण्या'ची. तो क्लीनर, म्हणजे सकर मासा, दुकानात बोटाएवढा असतो. घाण खाईल म्हणून घेतो. तो वाढत वाढत फूटभराचा होतो आणि टाकीत मावेनासा झाला की लोक नदीत किंवा तलावात सोडतात. वर पुण्य केल्याचं समाधान. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, अंगावर चिलखत, इथे त्याला फारसं कोणी खात नाही. आज उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात तो येतो, विकला जात नाही आणि जाळं फाडतो ते वेगळंच. आपलं पुण्य, त्यांचं नुकसान. (माझा क्लीनर मोठी टाकी असलेल्या एका ओळखीच्या घरी दिलाय. सुखात आहे.)

दुसऱ्या वेळेला नीट केलं. मार्च होता. ते दोन गप्पी एका मित्राच्या मुरलेल्या टाकीत ठेवले. माझ्या टाकीत पाणी भरून त्यात क्लोरिन घालवायचं औषध टाकलं. त्यात बहुतेक सोडियम थायोसल्फेट असतं, ज्याला जुने फोटोग्राफर हायपो म्हणायचे तेच. फिल्टर चोवीस तास चालू. मासे नाहीत, पण रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं, म्हणजे ते कुजून अमोनिया होईल आणि जिवाणूंना जेवण मिळेल. आणि मुख्य म्हणजे टेस्ट किट आणलं. अमोनिया आधी वर चढला, मग उतरायला लागला. तो उतरला तसं नायट्राइट वर चढलं. पाचव्या आठवड्यात दोन्ही शून्य, आणि नायट्रेट दिसायला लागलं. दोन-तीन दिवस परत परत तपासलं. शून्यच. हुश्श! (मित्राच्या फिल्टरमधला जुना स्पंज थोडा कापून आपल्या फिल्टरमध्ये ठेवला तर हे बरंच लवकर होतं. मला हे नंतर कळलं. नेहमीप्रमाणे.)

मधल्या काळात आई आली होती. पाण्याने भरलेली, दिवा लागलेली, आत काहीच नसलेली टाकी तिने दोन दिवस मुकाट बघितली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तू पाणी पाळलंयस का रे?"

इतकी अचूक व्याख्या मला कुठल्याही पुस्तकात सापडलेली नाही. हो, पाणीच पाळायचं असतं. मासे त्यात राहायला येतात.

मासे निवडतानाही हाच नियम. 'कम्युनिटी टँक' म्हणजे एकमेकांना न खाणारे मासे एवढंच आपण समजतो. तेही महत्त्वाचं आहे, एंजल मोठा झाला की निऑन गिळतो. पण त्याआधीचा प्रश्न, यांना एकच पाणी चालतं का? निऑन ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, मऊ, किंचित आम्ल पाण्यातला. मॉलीला क्षार असलेलं जड पाणी लागतं. दोघं भांडत नाहीत म्हणून एकत्र ठेवणं म्हणजे एकाला कायमचं परक्या हवेत ठेवणं. माझ्या नळाला धरणाचं मऊ पाणी येतं, म्हणून मी आठ निऑन आणि तळाशी फिरणाऱ्या सहा कोरी असा बेत ठेवला. ज्यांच्या सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी आहे, त्यांनी निऑनच्या नादी न लागता गप्पी, मॉली ठेवाव्यात. आणि अशा पाण्यात अमोनियाला जास्त जपावं, कारण पीएच वाढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. कुणाला आपल्याकडचाच मासा हवा असेल तर झेब्रा डॅनिओ घ्या. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, चपळ, काटक, आणि जगभरच्या प्रयोगशाळांत नोकरीला असलेला. फक्त एकटादुकटा नको. निऑन काय, डॅनिओ काय, थव्याने राहणारे मासे आहेत, निदान सहा तरी हवेत.

सगळे एका दिवशी सोडले नाहीत. आधी कोरी, तीन आठवड्यांनी निऑन. दर रविवारी पाव टाकी पाणी बदलतो, स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलकेच पिळतो. अर्ध्या तासाचं काम. दीड वर्षात दोन निऑन गेले, बाकी सगळे आहेत.

आईला मी शेवटी मॉलीचं खरं काय ते सांगितलं. अमोनिया, स्पंज, सगळं. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तूच मारलास म्हण की."

"हो."

"मग हात जोडले होतेस ते बरंच केलंस. माफीही त्यातच आली."

यावर मला काही बोलता आलं नाही. अजूनही येत नाही.

ता. क. : मित्राने काल टाकी आणली. फोटो पाठवलाय. आत नुसतं पाणी आहे. :)